विश्लेषण : टाकून दिलेल्या बाळांचे आडनाव इटलीत आघाडीवर कसे? काय आहे ‘एस्पोसितो’चा इतिहास?

इटलीत सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांची यादी काढली, की त्यात रोस्सी, रुस्सो, फेर्रारी, बियांकी यांच्या बरोबरीने एक नाव हमखास दिसते, ते म्हणजे एस्पोसितो. नेपल्स शहरात आणि त्या भोवतालच्या काम्पानिया प्रांतात तर या आडनावाची माणसे गल्लोगल्ली भेटतात. पिझ्झा मार्गेरिताच्या जन्मकथेत हे आडनाव आहे, ‘ब्रेकिंग बॅड’ मालिकेतल्या गाजलेल्या खलनायकाची भूमिका करणाऱ्या अभिनेत्याचे ते आहे आणि इटालियन फुटबॉलमध्येही ते वारंवार ऐकू येते. मात्र या आडनावाचा मूळ अर्थ ‘बाहेर ठेवलेला’ असा आहे. ज्या बाळाला आईवडिलांचे नाव नाही, त्याला दिले जाणारे हे नाव होते. घराणे नसलेल्यांची ही खूण देशातल्या सर्वांत मोठ्या आडनावांपैकी एक कशी झाली?

‘एस्पोसितो’चा अर्थ काय?

लॅटिन भाषेत ‘एक्सपोनेरे’ या क्रियापदाचा अर्थ बाहेर ठेवणे, उघड्यावर मांडणे असा होतो. त्यापासून ‘एक्सपोझितुस’ हा शब्द तयार झाला. उघड्यावर ठेवलेला, सोडून दिलेला असा त्याचा अर्थ. प्राचीन रोममध्ये नको असलेले किंवा पोसता न येणारे अर्भक घराबाहेर सोडण्याची प्रथा होती आणि तिला याच क्रियापदावरून नाव मिळाले होते. इटालियनमध्ये त्याचे ‘एस्पोस्तो’ झाले आणि दक्षिणेत आडनाव म्हणून ‘एस्पोसितो’ हे रूप रुजले. ‘स्पोसितो’, ‘देस्पोसितो’ आणि बोलोन्या परिसरातले ‘देल्यी एस्पोस्ती’ ही त्याचीच भावंडे. स्पेनमध्ये याच अर्थाचे ‘एक्सपोसितो’ हे आडनाव आहे.

उच्चाराचीही एक गंमत आहे. इटलीत आघात ‘पो’वर येतो. अमेरिकेत मात्र तो ‘सि’वर सरकला आणि ‘एस्पोसीटो’ असा उच्चार रूढ झाला. त्यामुळे एकच आडनाव अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर दोन तऱ्हांनी ऐकू येते.

इतर इटालियन आडनावांपेक्षा हे वेगळे का?

इटालियन आडनावांचे साधारण चार गट पडतात. पहिला गट वडिलांच्या किंवा पूर्वजाच्या नावावरून आलेला, जसे दी ज्योव्हान्नी, दे लुका. दुसरा गावावरून किंवा प्रदेशावरून, जसे रोमानो, लोम्बार्दी, नापोलितानो. तिसरा व्यवसायावरून. फेर्रारी म्हणजे लोहार, मोलिनारी म्हणजे गिरणीवाला, सार्तोरी म्हणजे शिंपी. चौथा गट रंगरूपावरून. रोस्सी आणि दक्षिणेतले रुस्सो ही लाल केसांच्या किंवा तांबूस वर्णाच्या माणसाची नावे, बियांकी म्हणजे गोरा, रिच्ची म्हणजे कुरळ्या केसांचा.

या सगळ्या आडनावांतून कुटुंबाविषयी काही ना काही कळते. बाप कोण, गाव कोणते, धंदा काय, निदान दिसायला कसे होते. एस्पोसितोमधून यातले काहीच कळत नाही. त्यातून फक्त एक घटना कळते. हे मूल कुणीतरी सोडून गेले होते.

आडनाव पिढ्यान्‌पिढ्या लेखी टिकण्याची सवय इटलीत हळूहळू लागली. १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी ठेवणे चर्चना बंधनकारक केले. त्यानंतर प्रत्येक मुलाच्या नावापुढे काहीतरी लिहिणे भाग पडू लागले. ज्याचा बाप माहीत आहे, त्याचा प्रश्न नव्हता. ज्याचा माहीत नाही, त्याच्यापुढे काय लिहायचे, हा प्रश्न मात्र वहीत रोज उभा राहू लागला.

नेपल्समधले ‘चाक’ काय होते?

नेपल्सच्या जुन्या भागात, फोर्चेल्ला वस्तीत, ‘सांता कासा देल आन्नुन्झियाता’ ही संस्था १४व्या शतकापासून होती. चर्च, रुग्णालय आणि सोडलेल्या मुलांचे आश्रयस्थान असा तिचा पसारा होता. नेपल्सच्या राजघराण्याचा आणि धनिकांच्या देणग्यांचा तिला आधार होता. या संस्थेच्या भिंतीत एक लाकडी चाक बसवलेले होते. चाक म्हणजे गाडीचे चाक नव्हे. उभ्या आसावर फिरणारे, एका बाजूने उघडे असलेले पोकळ लाकडी पिंप म्हणता येईल असे ते होते.

रस्त्यावरून आलेली व्यक्ती भिंतीतल्या भोकातून बाळ त्या पिंपात ठेवायची, ते फिरवायची आणि निघून जायची. पिंपाची उघडी बाजू आतल्या बाजूला वळली, की बाळ आत पोहोचलेले असायचे. आत ‘रोतारा’ म्हणजे चाकावर लक्ष ठेवणारी बाई रात्रंदिवस हजर असे. बाहेरच्याला आतले दिसत नसे आणि आतल्याला बाहेरचे. कोण आले, कुठून आले, हे कुणी विचारत नसे. त्या व्यवस्थेचा पायाच हा होता. चौकशी झाली असती तर लोकांनी बाळ चाकात न ठेवता नदीत किंवा उकिरड्यावर टाकले असते, अशी भीती होती.

मग बाळाला धुऊन, तपासून वहीत नोंद होई. तारीख, वेळ, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, सोबत ठेवलेली एखादी वस्तू किंवा चिठ्ठी. या संस्थेच्या उपलब्ध नोंदवह्या १७व्या शतकापासूनच्या आहेत. बाप्तिस्मा झाला की बाळाला नाव मिळे आणि आडनावाच्या जागी लिहिले जाई ‘एस्पोसितो’. बाळाच्या गळ्यात मारियामातेची खूण असलेला शिशाचा बिल्ला बांधला जाई. नेपल्सचे लोक या मुलांना ‘मादोन्नाची लेकरे’ म्हणत. ज्यांना आई नाही त्यांना थेट मारियामातेच्या पदरात घालण्याचा हा प्रकार होता. कायद्याच्या वहीतले नाव बोचरे असले, तरी वस्तीतल्या बोलीने त्याला माया लावली होती.

बाळांना सोडून जाणारे कोण होते?

अविवाहित माता हे पहिले उत्तर, आणि ते खरेही आहे. लग्नाआधी मूल होणे म्हणजे मुलीच्याच नव्हे तर साऱ्या घराच्या अब्रूचा प्रश्न होता. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड कर्ट्झर यांनी १९९३ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या पुस्तकात याच प्रश्नाचा अभ्यास मांडला आहे. अविवाहित स्त्रीने मूल स्वतःजवळ ठेवावे, असे समाजाला, चर्चला आणि अनेकदा प्रशासनालाही वाटत नव्हते, असे त्यांच्या अभ्यासातून दिसते. म्हणजे मूल सोडणे हा नेहमी आईचा स्वतःचा निर्णय असे असे नाही. कित्येकदा तो तिच्यावर लादलेला असे.

पण हे अर्धेच चित्र आहे. चाकात येणाऱ्या बाळांत विवाहित जोडप्यांची मुलेही पुष्कळ असत. दुष्काळ, साथी, युद्ध, बेकारी अशा काळात आकडे वाढत. घरात आधीच चार तोंडे असताना पाचवे पोसणे अशक्य झालेली जोडपी बाळ चाकात ठेवत आणि परिस्थिती सुधारली की परत न्यायचे, असे मनाशी ठरवत. १९व्या शतकातल्या मिलानमध्ये तर सोडलेल्या मुलांत विवाहित कामगार कुटुंबांच्या मुलांचा वाटा मोठा होता. आई गिरणीत किंवा कारखान्यात कामाला गेली, तर बाळाला दूध कोण पाजणार, हा त्यांचा प्रश्न होता.

परत न्यायचे मनात असे, याचा पुरावा बाळासोबत ठेवलेल्या वस्तूंतून मिळतो. नाण्याचा अर्धा तुकडा, मधोमध कापलेले पदक, फाडलेला पत्ता, रंगीत फीत. अर्धा भाग बाळाच्या अंगावर, उरलेला अर्धा आईजवळ. उद्या ती परत आली, तर दोन तुकडे जुळवून ‘हेच माझे बाळ’ असे सांगता यावे, यासाठी ही तजवीज. फ्लॉरेन्समधील ‘इन्नोचेन्ती’ संस्थेच्या संग्रहालयात असे अर्धे तुकडे आजही छोट्या खणांमध्ये जपून ठेवले आहेत. त्यांचे उरलेले अर्धे परत आलेच नाहीत, म्हणून ते तिथे आहेत.

त्या मुलांचे पुढे काय होत असे?

याचे उत्तर क्लेशदायक आहे. बाटलीतले सुरक्षित दूध, प्रतिजैविके, लसी यांतले काही नसलेल्या काळात एकाच इमारतीत शेकडो तान्ही बाळे ठेवणे म्हणजे रोगराईला आमंत्रण होते. आईचे दूध तुटलेले, प्रवासात गारठलेली, कधी कधी आजारीच आलेली ही बाळे. अनेक संस्थांमध्ये, अनेक वर्षी, निम्म्याहून जास्त बाळे पहिला वाढदिवस पाहत नसत.

वाचवण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे दूधआई. आश्रयस्थानातल्या दूधआया अपुऱ्या पडत, म्हणून बाळांना खेड्यांतल्या शेतकरी स्त्रियांकडे पाठवले जाई. त्यासाठी त्यांना दरमहा ठरावीक पैसे मिळत. काही मुले त्याच घरात रुळली, वाढली आणि तिथलीच झाली. या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. बाळाला जन्मतः उपदंश असेल, तर तो दूध पाजणाऱ्या स्त्रीला आणि तिच्यामार्फत तिच्या घराला होई. १८९० मध्ये बोलोन्याजवळच्या खेड्यातली आमालिया बान्याकाव्हाल्ली ही शेतकरी स्त्री अशीच बाधित झाली आणि तिने त्या बलाढ्य संस्थेला न्यायालयात खेचले. कर्ट्झर यांनी या खटल्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे.

जगलेली मुले मोठी झाली की मुलग्यांना सुतार, चांभार, शिंपी यांच्या हाताखाली कामाला लावले जाई. मुलींना शिवणटिपण शिकवून, संस्थेकडून हुंड्याची रक्कम देऊन लग्न लावून देण्याकडे कल असे. ज्यांचे लग्न झाले नाही, अशा काही स्त्रिया आयुष्यभर त्याच भिंतींच्या आत राहिल्या. मुलगा बाहेर पडला, त्याचे लग्न झाले, मुले झाली की ‘एस्पोसितो’ हे आडनाव त्याच्या मुलांनाही मिळे. एका बाळाची खूण अशी एका घराचे नाव होई.

इतर शहरांतही अशी आडनावे आहेत का?

आहेत, आणि त्यांवरून मूळ शहर ओळखता येते.

रोम : पोप इनोसंट तिसरे यांनी १२व्या शतकाच्या अखेरीस सांतो स्पिरितो रुग्णालय उभारले. तिबर नदीतल्या कोळ्यांच्या जाळ्यात मेलेली अर्भके सापडू लागली आणि त्यामुळे पोप अस्वस्थ झाले, अशी आख्यायिका त्यामागे सांगतात. रोम आणि भोवतालच्या भागात दिसणारे ‘प्रोयेत्ती’ हे आडनाव ‘फेकलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले.

फ्लॉरेन्स : वास्तुविशारद ब्रुनेलेस्की यांनी आखलेल्या ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती’ या इमारतीचे काम १४१९ मध्ये सुरू झाले आणि १४४५ मध्ये तिथे पहिले बाळ आले. ती मुलगी होती. नाव ठेवले आगाता स्मेराल्दा. इन्नोचेन्ती म्हणजे निष्पाप जीव. त्यावरून ‘इन्नोचेन्ती’, ‘देल्यीन्नोचेन्ती’, ‘नोचेन्तीनी’ ही आडनावे आली. इमारतीच्या दर्शनी कमानींवर आंद्रेआ देल्ला रोब्बिया यांनी घडवलेली, कापडात गुंडाळलेल्या बाळांची निळी-पांढरी शिल्पे आजही आहेत.

मिलान : तिथल्या मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह कबूतर. इटालियनमध्ये कबुतराला ‘कोलोम्बो’ म्हणतात. १९व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या सोडलेल्या मुलांना हेच आडनाव मिळत असे. आज मिलान परिसरातले ते सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. अर्थात प्रत्येक कोलोम्बो अनाथांचा वंशज नाही. दर्यावर्दी क्रिस्तोफर कोलंबस हा जेनोव्हातल्या लोकर विणणाऱ्याचा मुलगा होता आणि त्याचे घराणे ज्ञात आहे.

व्हेनिस : ‘ओस्पेदाले देल्ला पिएता’ या संस्थेतल्या मुलींना संगीताचे उत्तम शिक्षण मिळे. संगीतकार अंतोनियो विवाल्दी १७०३ पासून तिथे व्हायोलिन शिकवत होते. त्या मुलींना आडनावच नसे. मग ओळख वाद्यावरून. ‘व्हायोलिनवाली आन्ना मारिया’ तर युरोपभर गाजली.

याशिवाय सिसिलीत ‘त्रोव्हातो’ म्हणजे सापडलेला. इतरत्र ‘इन्चेर्ती’ म्हणजे ज्यांचे काही निश्चित नाही असे. ‘दियोतालेव्ही’ म्हणजे देव तुला वाढवो. शेवटचे आडनाव वाचताना ते लिहिणाऱ्या कारकुनाचा हात थोडा थांबला असेल, असे वाटून जाते.

या आडनावावर बंदी कधी आली?

नेपोलियनच्या काळात. नेपोलियनचा मेहुणा झोआकिम म्युरा १८०८ ते १८१५ या काळात नेपल्सचा राजा होता. १८०९ पासून नेपल्सच्या राज्यात फ्रान्सच्या धर्तीवर जन्म, विवाह, मृत्यूच्या सरकारी नोंदी सुरू झाल्या. आता नोंद चर्चपुरती राहिली नाही. शाळा, सैन्यभरती, जमिनीचे कागद अशा प्रत्येक ठिकाणी ते आडनाव माणसाच्या पुढे चालू लागले. ‘एस्पोसितो’ म्हटले, की समोरचा काय ते समजून जाई. त्यामुळे सापडलेल्या मुलांना हे नाव देऊ नये, असे फर्मान म्युराच्या राजवटीत निघाले. त्यानंतर अधिकाऱ्यांनी प्रत्येक मुलासाठी निराळे आडनाव शोधायचे, असे ठरले. कुणी महिन्याचे, कुणी वाराचे, कुणी फुलाचे, कुणी गावाचे नाव दिले.

स्पेनने याआधीच वेगळा मार्ग काढला होता. १७९४ मध्ये राजा चौथा कार्लोस याने अशा मुलांना नागरी व्यवहारात औरस समजावे आणि त्यांना जन्मावरून हिणवणाऱ्याला शिक्षा व्हावी, असा हुकूम काढला. तिथे नाव न बदलता नावाला चिकटलेला कलंक काढण्याचा प्रयत्न झाला.

मग बंदीनंतरही हे आडनाव एवढे पसरले कसे?

त्याची कारणे तीन.

एक, बंदी नव्या मुलांसाठी होती. आधीच एस्पोसितो असलेल्यांची नावे बदलली नाहीत. तोवर किमान दोन शतके हे आडनाव वाटले गेले होते आणि त्या माणसांची नातवंडे-पतवंडे नेपल्सभर पसरली होती.

दोन, एकाच मोठ्या शहरातली एक मोठी संस्था सगळ्यांना एकच आडनाव देत होती. रोस्सी हे आडनाव लाल केसांच्या शेकडो माणसांना शेकडो गावांत वेगवेगळे मिळाले. एस्पोसितो मात्र एका भिंतीतून बाहेर पडत राहिले. म्हणूनच ते आजही काम्पानियात दाट आहे आणि उत्तरेकडे जाता जाता विरळ होते. उत्तरेत जे आहेत, त्यांतले बरेच कामधंद्यासाठी दक्षिणेतून गेलेल्यांचे वंशज आहेत.

तीन, इटलीत आडनाव बापाकडून मुलांना मिळत राहिले. त्यामुळे एकदा सुरू झालेली साखळी तुटण्याचे कारण नव्हते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दोन एस्पोसितो भेटले, म्हणजे ते भाऊबंद असतील असे नाही. उलट या आडनावाचा कुणी एक मूळ पुरुष नाहीच. हजारो वेगवेगळी बाळे, हजारो वेगवेगळ्या आया, जोडणारा दुवा फक्त वहीतला एक शब्द. वंशावळ शोधणारे एस्पोसितो मागे मागे जात कधीतरी त्या वहीच्या पानाशी पोहोचतात आणि तिथे वाट संपते. पानावर बाळाच्या अंगावरच्या कपड्याचे वर्णन असते, पण आईचे नाव नसते.

चाक बंद का झाले?

१९व्या शतकात चाकांवर टीका वाढली. इतकी मुले मरत असतील तर ही दया कसली, असा प्रश्न डॉक्टर विचारू लागले. खर्च झेपत नाही, असे नगरपालिका म्हणू लागल्या. चाक आहे म्हणून लोक मुले सोडतात, असा आक्षेप होता. चाक नसेल तर मुले मारली जातील, असे त्याला उत्तर होते. फेर्रारा शहराने १८६७ मध्ये आपले चाक बंद केले. त्यानंतर एकेका शहराने तोच मार्ग धरला. नेपल्सच्या आन्नुन्झियाताचे आणि फ्लॉरेन्सच्या इन्नोचेन्तीचे चाक १८७५ मध्ये थांबले. उरलेली चाके १९२३ मध्ये देशभर अधिकृतपणे रद्द झाली.

चाक थांबले म्हणून मुले येणे थांबले नाही. फरक एवढाच, की आता ती कार्यालयाच्या दारातून, नोंद करून येऊ लागली. कागदावर बापाच्या जागी ‘एन. एन.’ ही अक्षरे पडू लागली. ‘नाव ठाऊक नाही’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे. शाळेचा दाखला असो वा नोकरीचा अर्ज, ती दोन अक्षरे माणसाची पाठ सोडत नसत. एस्पोसितो या शब्दाने जे काम केले होते, तेच आता दोन अक्षरे करू लागली. अखेर १९५५ च्या कायद्याने नेहमीच्या दाखल्यांवरून आईवडिलांची नावे लिहिण्याची सक्तीच काढून टाकली.

जगात हे आडनाव कसे पोहोचले?

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले. त्यांत दक्षिणेकडचे लोक बहुसंख्य होते आणि त्यांतले असंख्य नेपल्सच्या बंदरातून जहाजावर चढले. अर्जेंटिनाकडेही मोठा ओघ होता. एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी स्थलांतरितांची आडनावे बदलली, असे पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्षात तिथले अधिकारी जहाजाच्या यादीवरून नावे पडताळत असत आणि ती यादी निघण्याच्या बंदरातच तयार होई. त्यामुळे एस्पोसितो हे आडनाव बहुतांशी जसेच्या तसे उतरले. नव्या देशात त्याचा अर्थ कुणाला कळत नव्हता. कित्येकांसाठी तोच मोठा दिलासा ठरला असेल.

आज या आडनावाची ओळख निराळीच आहे. १८८९ मध्ये नेपल्सच्या राफाएले एस्पोसितो या पिझ्झा बनवणाऱ्याने राणी मार्गेरितासाठी टोमॅटो, मोझरेल्ला आणि तुळशीच्या जातीच्या पानांचा पिझ्झा केला, अशी प्रसिद्ध कथा आहे. तिच्या तपशिलांबद्दल इतिहासकार शंका घेतात, पण नाव अजरामर झाले. कॅनडाचा फिल एस्पोसिटो हा आइस हॉकीपटू १९७०-७१ च्या मोसमात ७६ गोल करून विक्रमवीर ठरला. त्याचा भाऊ टोनी हा नावाजलेला गोलरक्षक होता. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये गस फ्रिंग साकारणारे जियानकार्लो एस्पोसिटो १९५८ मध्ये कोपनहेगनमध्ये जन्मले. त्यांचे वडील इटालियन आणि आई आफ्रिकन-अमेरिकन. ‘गोमोर्रा’ मालिकेतला साल्वातोरे एस्पोसितो नेपल्सचाच. तत्त्वज्ञ रोबेर्तो एस्पोसितोही तिथलेच. समाज म्हणजे काय, आपले कोण आणि परके कोण, हा त्यांच्या लेखनाचा विषय आहे. फुटबॉलमध्ये नेपल्सजवळच्या कास्तेल्लाम्मारे दी स्ताबिया गावातले साल्वातोरे, सेबास्तियानो आणि फ्रान्चेस्को पिओ हे तीन एस्पोसितो भाऊ व्यावसायिक खेळाडू आहेत.

आज इटलीचा कायदा काय सांगतो?

आईवडील अज्ञात असलेल्या बाळाला आजही सरकारी नोंदणी अधिकारीच नाव आणि आडनाव देतो. मात्र २००० सालच्या नागरी नोंदणी नियमांनुसार, मुलाचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला हे उघड करणारे आडनाव देता येत नाही. ऐतिहासिक महत्त्वाच्या किंवा त्या भागातल्या प्रसिद्ध घराण्याचे आडनावही चालत नाही. म्हणजे आज कुणा बाळाला सापडले म्हणून ‘एस्पोसितो’ केले जाणार नाही. आडनाव हास्यास्पद, लाजिरवाणे किंवा जन्माचे गुपित सांगणारे वाटत असेल, तर ते बदलण्यासाठी प्रीफेक्टकडे अर्ज करता येतो. तरीही एस्पोसितो हे आडनाव यादीत वरच आहे. लाखमोलाची अब्रू वाटावी असे ते नसेल, पण ते टाकून द्यावे असेही त्या कुटुंबांना वाटलेले नाही. २०१२ मध्ये औरस आणि विवाहबाह्य मुलांमधला कायदेशीर भेदच इटलीने संपवला. २०२२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने बापाचेच आडनाव आपोआप देण्याचा नियम रद्द केला. आता दोघांचीही आडनावे लावता येतात.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. इटलीत स्त्रीला रुग्णालयात आपले नाव नोंदीत न देता बाळाला जन्म देता येतो. बाळ सुरक्षित राहावे आणि आईवर दबाव येऊ नये, हा हेतू. काही शहरांत रुग्णालयांच्या भिंतीत उबदार, सूचनाघंटा जोडलेले पाळणेही आहेत. चाकाचेच ते आधुनिक रूप. पण मोठे झालेले मूल ‘माझी आई कोण?’ असे विचारते, तेव्हा काय? कायद्यानुसार ती कागदपत्रे १०० वर्षे बंद राहतात. उत्तर इटलीत जन्मलेल्या एका महिलेने साठी उलटल्यावर याविरुद्ध दाद मागितली. २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पाठोपाठ २०१३ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने मधला मार्ग सांगितला. मुलाने विनंती केली, तर न्यायाधीश गुप्तता राखून त्या आईला शोधून विचारू शकतो, ‘तुम्हाला अजूनही नाव गुप्त ठेवायचे आहे का?’ तिने हो म्हटले, तर फाइल पुन्हा बंद होते.

नेपल्समधले ते चाक आज फिरत नाही. आन्नुन्झियाताची इमारत उभी आहे आणि भिंतीतली ती जागा पाहायला लोक येतात. त्यांतल्या काहींच्या ओळखपत्रावर लिहिलेले असते – एस्पोसितो.